हरवलेलं माहेर, हरवलेली भावंडं: वंशावळीच्या आधारे घरच्या माणसाचं कुटुंब शोधताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या थोरल्या काकू सहा वर्षांच्या असताना त्यांची आई गेली आणि भावंडं वेगवेगळ्या घरांत वाढली. धाकट्या भावाचा पत्ता नंतर कोणालाच लागला नाही. त्यांच्यासाठी मी शोध हाती घेतला तेव्हा त्या ७३ वर्षांच्या होत्या, आणि भाऊ सापडायला पावणेतीन वर्षं लागली. पुढे आणखी काही घरांना अशा कामात मदत केली. सगळीकडे साधारण हेच प्रश्न निघाले.

सुरुवात कुठून करायची?

ज्यांच्यासाठी शोध घ्यायचा त्यांना विचारण्यापासून. पुष्कळ घरांत नातवंडं उत्साहाने कामाला लागतात आणि आजीला हे सगळं उकरायचंच नव्हतं, हे फार उशिरा कळतं. कोणाला शोधायचं आहे? ते सापडले तर काय हवं आहे: भेट, फोनवर आवाज, की फक्त सुखरूप आहेत एवढं कळणं? आणि काय कळायला नको आहे? काकूंनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "भाऊ शोध. बाबांनी आम्हाला का वाटून टाकलं ते समजलंच, तर मला सांगू नकोस." दीड वर्षाने त्यांनी आपणहून विचारलं, तेव्हा सांगितलं. ही उत्तरं बदलतात, म्हणून दर काही महिन्यांनी पुन्हा विचारावं. शोध तुम्ही घेत असलात तरी तो त्यांचा आहे.

त्यांच्या आठवणींवर किती भरवसा ठेवायचा?

नावांच्या उच्चारावर पुष्कळ, तारखांवर कमी. "कोणत्या साली?" असं विचारलं की वयस्क माणूस गोंधळतो किंवा अंदाजाने एक आकडा देऊन मोकळा होतो. त्याऐवजी विचारावं: तेव्हा तुम्ही शाळेत जायला लागला होतात का? धाकटा चालत होता की अजून कडेवर होता? घरात कोण आजारी होतं? अशा तीन-चार उत्तरांवरून साल एक-दोन वर्षांच्या फरकाने निघतं.

एकाच बैठकीत सगळं विचारून घेऊ नका. तीच हकिकत काही आठवड्यांच्या अंतराने तीनदा ऐका, परवानगी घेऊन रेकॉर्ड करा. प्रत्येक वेळी तसाच येणारा तपशील मोलाचा. पण बदलणारा तपशीलही खोडून टाकू नका. काकू भावाचं आडनाव कधी एक सांगायच्या, कधी दुसरं. त्यातलं एक चुकीचं असणार, असं धरून मी ते बाजूला ठेवलं आणि त्यात आठ महिने गेले. खरं तर दोन्ही बरोबर होती. एक वडिलांचं होतं, दुसरं तो ज्या घरी वाढला त्यांचं.

वहीत तीन रकाने पाडा: सांगितलेलं, कागदावर पाहिलेलं, आणि आपण काढलेला निष्कर्ष. हे तिन्ही एकमेकांत मिसळले की काही महिन्यांनी आपलाच अंदाज आपल्याला पुरावा वाटायला लागतो.

वंशावळ तर पूर्वजांची असते. जिवंत माणूस शोधायला तिचा काय उपयोग?

वर जायचं ते खाली येण्यासाठी. हरवलेल्या माणसाचा थेट माग लागत नसेल तर त्याच्या आजोबा-पणजोबांपर्यंत चढा आणि तिथून सगळ्या फांद्यांनी आजच्या पिढीपर्यंत उतरा. भाऊ स्वतः कुठल्याच नोंदीत दिसत नसला, तरी आईच्या बहिणीच्या नातीला तो कुठे राहतो हे माहीत असू शकतं. आमच्या बाबतीत अगदी तसंच झालं.

लोक बहुतेक वेळा वडिलांच्या बाजूनेच शोधतात, कारण आडनाव तेच राहतं. पण घरातल्या खबरी मुलींच्या शाखांत जास्त टिकलेल्या मला दिसल्या आहेत. लग्न होऊन गेलेल्या आत्या, मावश्या आणि त्यांच्या लेकी यांच्या फांद्या चिकाटीने पुऱ्या करा.

कुटुंबाच्या कडेकडेची माणसंही टिपून ठेवा: लग्नाच्या नोंदीतले साक्षीदार, जन्माची खबर देणारे, जनगणनेच्या यादीत शेजारच्या घरात नोंदलेले. माणसं सहसा एकटी स्थलांतर करत नाहीत, ओळखीच्यांच्या मागोमाग जातात. भाऊ सापडत नसेल तर त्याच्याबरोबर गेलेला शेजारी शोधा. निधनवार्ताही मन लावून वाचाव्यात. मागे कोण कोण आहे, लेकी कुठे असतात, हे त्यात एकाच परिच्छेदात मिळून जातं.

नाव किंवा आडनाव बदललं असेल तर?

बदललं असणार असंच धरून चाला. लग्न, दत्तक, धर्मांतर, परदेशी स्थायिक होणं, सैन्यात भरती, किंवा नुसती लिपी बदलणं, नाव बदलायला एवढी कारणं पुरतात. न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर १८९२ ते १९५४ या काळात सुमारे १ कोटी २० लाख लोक उतरले. तिथल्या कारकुनांनी त्यांची आडनावं बदलली, अशी समजूत अजून घरोघरी सांगितली जाते. प्रत्यक्षात ते कारकून जहाज निघालं त्या बंदरात तयार झालेल्या यादीशी नावं ताडून पाहत. नावं बहुतेक करून पुढे त्या लोकांनी स्वतःच बदलली. म्हणून जुनं नाव जहाजाच्या यादीत शोधायचं आणि नवं नाव नागरिकत्वाच्या कागदांत.

उच्चारावरून शोधण्याची पद्धत जुनी आहे. साउंडेक्सचं पहिलं पेटंट १९१८ सालचं. त्यात सारख्या आवाजाच्या अक्षरांना एकच आकडा असतो, त्यामुळे स्पेलिंग वेगळं असलं तरी नाव हाती लागतं. पूर्व युरोपातल्या आणि ज्यू आडनावांना ते पुरेना, म्हणून १९८५ मध्ये डाइच-मोकोटॉफ ही सुधारित पद्धत आली. यानेही जमत नसेल तर आडनावाचा रकाना रिकामा सोडा आणि पहिलं नाव, अंदाजे जन्मसाल आणि आईचं नाव एवढ्यावर शोधा. आडनाव बदलतं, पण आईचं नाव सहसा तेच राहतं.

आणखी एक: तारखा जुळत नसतील तर पंचांगाचा फरक तपासा. ब्रिटनने ग्रेगोरियन कालगणना १७५२ मध्ये स्वीकारली, रशियाने थेट १९१८ मध्ये. त्यामुळे रशियातल्या जुन्या कागदांवर विसाव्या शतकातही तारीख १३ दिवस मागे दिसते.

कोणते कागद बघायचे?

आधी घरातले. जुनी पत्रं, पाकिटांवरचे शिक्के, फोटोंच्या मागचा मजकूर, स्टुडिओचं नाव, धार्मिक ग्रंथाच्या पहिल्या पानावर लिहिलेल्या जन्मतारखा. मग जन्म, लग्न, मृत्यूच्या सरकारी नोंदी, शाळेचं रजिस्टर, प्रार्थनास्थळाच्या वह्या, दफनभूमीच्या नोंदी, जमीन आणि वारसाचे कागद. शाळेच्या रजिस्टरकडे फार कमी लोक वळतात. अनाथ किंवा दुसऱ्याच्या घरी वाढलेल्या मुलाचा खरा पालक कोण लिहिला आहे, हे मला दोनदा तिथेच मिळालं.

जनगणनेच्या घरनिहाय याद्या काही देशांत ठरावीक काळानंतर खुल्या होतात. अमेरिकेत ७२ वर्षांनी, म्हणून १९५० ची गणना एप्रिल २०२२ मध्ये उघडली. इंग्लंड आणि वेल्सची १९२१ ची गणना शंभर वर्षं उलटल्यावर जानेवारी २०२२ मध्ये आली. जगभरातल्या नोंदी एका ठिकाणी विनामूल्य पाहायच्या तर फॅमिलीसर्च हे सर्वांत मोठं भांडार आहे. १९३८ पासून त्यांनी घेतलेल्या मायक्रोफिल्मच्या सुमारे २४ लाख रिळांचं डिजिटायझेशन २०२१ मध्ये पुरं झालं. त्यातल्या बऱ्याच प्रतिमांची नावांनुसार सूची झालेली नाही, त्यामुळे "शोध" चौकटीत नाव टाकून काही आलं नाही म्हणजे नोंद नाही असं होत नाही. पानं एकेक उलटावी लागतात.

काही नोंदी कायमच्या गेल्या आहेत. डब्लिनचं सरकारी दफ्तर १९२२ मध्ये यादवीत जळालं, अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेचा बहुतांश भाग १९२१ च्या आगीमुळे गेला. अशा वेळी तीच माहिती दुसऱ्या कोणाला लागत होती, याचा विचार करा. कर वसूल करणारे, विमा कंपनी, रुग्णालय, सैन्य आणि जहाज कंपनी यांच्याकडे त्याच माणसाचं नाव वेगळ्या कारणासाठी लिहिलेलं असतं.

युद्धात किंवा निर्वासित होताना ताटातूट झाली असेल तर?

मग एकट्याने झुंजू नका, यासाठी संस्था आहेत आणि त्या पैसे घेत नाहीत. रेड क्रॉसचं माग काढण्याचं काम १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धापासून चालू आहे. पहिल्या महायुद्धात, १९१४ मध्ये, जिनिव्हात युद्धकैद्यांसाठी मोठी एजन्सी उभी राहिली आणि तिथे लाखो कार्डं लिहिली गेली. आजही आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस समिती आणि त्या त्या देशातली रेड क्रॉस किंवा रेड क्रिसेंट संस्था युद्ध, आपत्ती, स्थलांतर यांत तुटलेल्या कुटुंबांसाठी अर्ज घेते. माणूस सापडला तरी त्याची संमती असल्याशिवाय त्याचा पत्ता तुम्हाला देत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

नाझी राजवटीत छळ सोसलेल्यांसाठी जर्मनीतल्या बाड आरोल्सन इथलं आरोल्सन अर्काइव्ह्ज आहे. सुमारे १ कोटी ७५ लाख माणसांची माहिती तिथे आहे. छळछावण्यांत काढून घेतलेल्या अंगठ्या, घड्याळं, पाकिटातले फोटो अशा वस्तू त्यांनी जपून ठेवल्या आहेत आणि मूळ मालकांचे वारस शोधून त्या परत करण्याचं काम ते आजही करतात.

नातेवाईक दत्तक गेलेले असतील, किंवा संस्थेत वाढलेले असतील तर?

इथे कायदा आधी बघा, कारण तो देशागणिक वेगळा आहे. स्कॉटलंडमध्ये दत्तक गेलेल्या माणसाला मूळ जन्मनोंद पाहण्याचा हक्क १९३० पासून आहे, इंग्लंड आणि वेल्समध्ये तो १९७५ च्या कायद्याने आला. काही ठिकाणी न्यायालयाची परवानगी लागते, काही ठिकाणी मध्यस्थ नेमतात. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात नाव आणि कौटुंबिक नाती यांसह स्वतःची ओळख जपण्याचा मुलाचा हक्क मान्य केला आहे. अर्जात त्याचा उल्लेख करायला हरकत नाही.

संस्थेकडून पत्र आलं की "फाइल उपलब्ध नाही" या वाक्यावर थांबू नका. फाइल नष्ट झाली, दुसरीकडे गेली, की नियमामुळे देता येत नाही, हे लेखी विचारा. प्रवेश रजिस्टर आणि वैयक्तिक फाइल वेगळ्या असतात. एक नसली तरी दुसरी असू शकते.

आणि नातेवाइकाला लहानपणी जे सांगितलं गेलं ते तपासून बघा. १८६९ नंतरच्या काही दशकांत ब्रिटनमधून १ लाखाहून जास्त मुलं एकटी कॅनडाला धाडली गेली, पुढे ऑस्ट्रेलियालाही. त्यांतल्या अनेकांना आई-वडील वारले असं सांगितलं होतं आणि ते हयात होते. ऑस्ट्रेलियाने २००९ मध्ये आणि ब्रिटनने २०१० मध्ये त्याबद्दल जाहीर माफी मागितली, पण तोवर बहुतेकांचे आई-बाप खरोखरच गेले होते. "आई वारली" हे वाक्य मी आता मृत्यूचा दाखला बघितल्याशिवाय वहीत पक्कं लिहीत नाही.

डीएनए चाचणीने कळतं का?

जवळचं नातं असेल तर नक्की, लांबचं असेल तर तर्क लढवावा लागतो. दोन माणसांत किती डीएनए सारखा आहे ते सेंटिमॉर्गनमध्ये मोजतात. आई-वडील आणि मूल यांच्यात तो साधारण ३,५०० असतो, सख्ख्या भावंडांत सरासरी २,६००. आई किंवा वडील यांपैकी एकच सामाईक असलेली भावंडं, आजी-नात, मामा-भाचा या साऱ्यांत १,७५० च्या आसपास, म्हणजे आकड्यावरून यांतलं कोणतं नातं ते कळत नाही. तिथे वय आणि कागद लागतात. आजी-आजोबा सामाईक असतील तर सरासरी ८७०, पण प्रत्यक्षात ४०० पासून १,४०० पर्यंत काहीही. पणजी-पणजोबा सामाईक असतील तर २३०. त्यापुढच्या पिढीतल्या भावंडांत सरासरी ७३, आणि दहांतल्या एका जोडीत काहीच जुळत नाही. न जुळणं म्हणजे नातं नसणं नव्हे, हे त्या टप्प्यावर लक्षात ठेवायचं.

मराठी माणसाला इथे एक अडचण येते. आपण चुलत, आते, मामे आणि मावस अशी चार भावंडं ओळखतो. चाचणी त्या चौघांनाही एकच शब्द लावते आणि डीएनएचं प्रमाणही चौघांत सारखंच असतं. आपल्याला तर मामाची बाजू की काकाची, हेच हवं असतं. त्यासाठी ज्यांचं नातं आधीच ठाऊक आहे अशा एखाद्या भावंडाचीही चाचणी करून घ्यावी. नवा माणूस दोघांशी जुळला तर ती बाजू कळते. साधारण ९० ते ४०० सेंटिमॉर्गनमधली माणसं एकमेकांशी कोण जुळतात ते पाहून त्यांना रंग द्यायचे, म्हणजे बहुधा चार गट पडतात, चारही आजी-आजोबांचा एकेक. ही लीड्स पद्धत २०१८ पासून वापरात आहे आणि कागदावर पेन्सिलीनेही जमते.

चाचणी घरातल्या सर्वांत वयस्क माणसाची आधी करा. प्रत्येक पिढीला डीएनए निम्मा होत जातो, त्यामुळे आजीचा नमुना नातवाच्या नमुन्यापेक्षा कितीतरी लांब पोचतो.

मधली पिढीच नाहीशी झालेली असेल तरी उपाय असतो. अर्जेंटिनातल्या लष्करी राजवटीत तरुण आई-वडिलांना मारून त्यांची बाळं दुसऱ्यांना दिली गेली. त्या बाळांच्या आज्यांनी १९७७ मध्ये संघटना काढली. आई-वडील नसताना आजीच्या रक्तावरून नातवंड ओळखायची रीत शास्त्रज्ञांनी त्यांच्यासाठी बसवली आणि १९८७ मध्ये देशाची जनुकीय नोंदपेढी स्थापन झाली. आतापर्यंत १३० हून जास्त नातवंडांना त्यांचं खरं नाव परत मिळालं आहे.

चाचणीत धोका काय?

नको ते समोर येतं. वडील म्हणून ज्यांना ओळखलं ते जन्मदाते नव्हते, हे मी एका घरात नमुना पाठवून सहा आठवड्यांनी कळताना पाहिलं आहे. म्हणून नमुना देण्याआधीच विचारा: असं काही निघालं तर कळवायचं का? दुसरं, माहितीच्या सुरक्षेचं. २०१८ मध्ये अमेरिकन पोलिसांनी जेडमॅच या खुल्या साठ्यावरून एका जुन्या गुन्हेगाराचा माग काढला. २०२३ मध्ये ट्वेंटीथ्री अँड मी या कंपनीतून सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती बाहेर गेली. तुमचा नमुना म्हणजे तुमच्या भावंडांचाही निम्मा नमुना आहे, त्यांना सांगून मगच पाठवा.

सापडलेला माणूस तोच आहे हे कसं ठरवायचं?

एकमेकांवर न बेतलेले निदान दोन पुरावे हवेत. तीन वेबसाइटींवर एकच वंशावळ असेल आणि दोघांनी ती पहिल्याची उतरवून घेतलेली असेल, तर तो एकच पुरावा. नाव, गाव आणि वय तिन्ही जुळूनही माणूस भलताच निघतो, कारण घराण्यात तीच नावं फिरून फिरून ठेवतात. त्या नावाचा दुसरा माणूस त्याच सुमारास तिथे होता का, ते मुद्दाम शोधा. खात्री होईपर्यंत नातेवाइकाला "सापडले" हा शब्द ऐकवू नका. ७५ व्या वर्षी ती आशा दोनदा मोडायला नको.

पहिला संपर्क कसा करायचा?

एकाच माणसाला, खासगीत, आणि थोडक्यात. मला पत्र सर्वांत बरं वाटतं. फोनवर समोरच्याला क्षणात उत्तर द्यावं लागतं. पत्र तो ठेवून देऊ शकतो, रात्री पुन्हा वाचू शकतो. सोशल मीडियावर सर्वांना दिसेल असं काही लिहू नका, त्यांच्या बायकोला किंवा मुलांना यातलं काहीच माहीत नसेल. दारात जाऊन तर मुळीच उभं राहू नका.

काकूंच्या भावाला मी लिहिलेलं पत्र साधारण असं होतं:

"नमस्कार. मी माझ्या काकूंच्या वतीने लिहीत आहे. त्यांच्या लहानपणी त्यांची भावंडं वेगवेगळ्या घरांत वाढली. जुन्या नोंदी पाहता आपलं त्यांच्याशी नातं असावं असं वाटतं. माझी चूक होत असेल तर क्षमा करा. त्यांना आपल्याकडून काही अपेक्षा नाही, आपण कसे आहात एवढंच जाणून घ्यायचं आहे. आपल्याला बोलावंसं वाटलं तर खाली माझा पत्ता आणि फोन आहे. बोलावंसं वाटलं नाही तर आम्ही पुन्हा त्रास देणार नाही."

"नातं असावं" हा शब्दप्रयोग जाणूनबुजून केला होता. पाकीट दुसऱ्याने उघडलं तरी कोणाचं गुपित फुटू नये. पुरावे, तक्ते, फोटो पहिल्या पत्रात कोंबू नका. आणि काकूंनी ते वाचून होकार दिल्याशिवाय मी ते टपालात टाकलं नाही.

उत्तरच आलं नाही तर?

दोन-तीन महिने थांबा. पत्ता जुना असू शकतो, घरात आजारपण असू शकतं, किंवा ते अजून विचार करत असतील. आमचं उत्तर अकरा आठवड्यांनी आलं. एकदा आठवणीचं छोटं पत्र पाठवायला हरकत नाही. त्यानंतरही मौन असेल तर थांबायचं. स्पष्ट नकार आला तर तो तसाच नातेवाइकाला सांगायचा, गोड करून नाही, आणि त्याच कुटुंबातल्या दुसऱ्या कोणाला गाठून त्या नकाराला वळसा घालायचा नाही.

माणूस वारल्याचं कळलं तर शोध संपला का?

नाही. त्यांची मुलं, नातवंडं असतात आणि पुष्कळदा तीही उलट्या बाजूने शोधत असतात. बातमी मात्र समोर बसून द्यावी, फोनवर देऊ नये. कधीही न भेटलेल्या भावासाठी माणूस खरंच सुतकात असल्यासारखा होतो, आणि घरच्यांना ते कळत नाही. त्या दिवसांत नवी माहिती आणून ओतू नका.

पैसे घेऊन शोधून देणाऱ्यांकडे जावं का?

अनोळखी भाषा, लिपी किंवा देश असेल तर चांगला व्यावसायिक संशोधक वेळ वाचवतो. काम टप्प्याटप्प्याने द्या आणि प्रत्येक टप्प्याला कोणत्या दफ्तरात काय पाहिलं, काय मिळालं नाही, याचा लेखी अहवाल मागा. "शंभर टक्के शोधून देतो" म्हणणारा टाळा.

पहिली भेट कशी असावी?

छोटी, आणि कमी माणसांत. सगळं गणगोत जमवू नका, कॅमेरे लावू नका. दोन तासांनी उठता येईल अशी जागा निवडा. काकू आणि त्यांचे भाऊ पहिला अर्धा तास जवळपास बोललेच नाहीत. मी सारखी मधे बोलून ती शांतता भरायला बघत होते, तेव्हा काकूंनी मला हाताने थांबवलं. मग भावाने विचारलं, "आईचा आवाज कसा होता?" त्याला आई आठवत नव्हती. पुढे त्या दोघांनी काय बोलायचं ते बोलले. मी बाहेर जाऊन बसले.

काम झाल्यावर जमवलेल्या वंशावळीचं काय करायचं?

दोन्ही घरांना प्रत द्या. संगणकावर असेल तर गेडकॉम या स्वरूपात जतन करा. १९८४ पासूनचं हे स्वरूप जवळपास प्रत्येक वंशावळ-प्रणाली वाचते. ऑनलाइन ठेवायची असेल तर हयात माणसांचे तपशील झाका. दुसऱ्या घरच्यांना काही दुरुस्त करायचं असेल तर त्यांना करू द्या. आमच्या तक्त्यात आईचं नाव सरकारी दाखल्याप्रमाणे लिहिलं होतं. काकूंनी त्याच्याखाली, ज्या नावाने घरात तिला हाक मारत ते पेनाने लिहिलं आणि प्रत भावाला धाडली. आता दोन्ही नावं तक्त्यात आहेत.